नवीन साठवण खोलीत ओल का येते? आधी पाण्याची वाट शोधा, मग खर्च करा

शेतावर बारा बाय पंधरा फुटांची खोली बांधली की तिच्यात घरचे बियाणे, धान्याची पोती, खताच्या गोण्या, ठिबकचे सामान असे सगळे येते. खोली नवी, गिलावा नवा, रंगही नवा. पण पहिल्याच पावसाळ्यात भिंतीच्या खालच्या दोन फुटांत काळपट पट्टा दिसू लागतो, रंगाचे पोपडे निघतात, फरशीवरचे खालचे पोते हाताला दमट लागते. मग गवंड्याला बोलावले जाते, आतून वॉटरप्रूफ गिलावा होतो, वर ऑइलपेंट लागतो. पुढच्या पावसाळ्यात तीच ओल फूटभर वर चढलेली असते.

असे होण्याचे कारण साधे आहे. उपाय ओल दिसते तिथे केला जातो. पाणी मात्र दुसरीकडून येत असते. खोलीत ओल येण्याच्या पाच वाटा आहेत आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा आहे. वाट ओळखली तर बरेचदा फावडे, मुरूम आणि पन्हळ एवढ्यावर काम भागते. ती न ओळखता केलेला महागडा उपायही वाया जातो.

ओलीमुळे नेमके काय बिघडते?

खोलीच्या भिंतीपेक्षा आतला माल महाग असतो, हे आधी लक्षात घ्यावे.

• बियाणे: सोयाबीनच्या बियाण्याचे आवरण पातळ असते. ऑक्टोबरमध्ये वाळवून ठेवलेले बी दमट हवेत पुन्हा पाणी शोषते आणि त्याची उगवण क्षमता घटते. प्रमाणित सोयाबीन बियाण्यासाठी किमान ७० टक्के उगवण आणि साध्या पोत्यात जास्तीत जास्त १२ टक्के ओलावा ही मर्यादा आहे. गव्हासाठी ओलाव्याची मर्यादा १२ टक्के, तर हरभऱ्यासाठी ९ टक्के आहे. ओल्या भिंतीला टेकलेले पोते ही मर्यादा सहज ओलांडते.
• धान्य: साठवणीतील हवेची आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी वाढू लागते. भुईमूग आणि मक्यावर वाढणाऱ्या ॲस्परजिलस बुरशीमुळे अफलाटॉक्सिन हे विष तयार होते. असे धान्य जनावरांनाही घालू नये.
• खते: ३० अंश तापमानाला हवेची आर्द्रता सुमारे ७३ टक्क्यांपुढे गेली की युरिया हवेतील पाणी ओढून घेतो. आधी चिकट होतो आणि मग त्याचे दगडासारखे गोळे बनतात. कॅल्शियम नायट्रेट तर याहून बऱ्याच कमी आर्द्रतेतही पाणी ओढते.
• बांधकाम: जमिनीतून चढणारे पाणी आपल्याबरोबर क्षार आणते. पाणी उडून जाते, क्षार भिंतीत राहतात आणि लोणा लागतो. क्षारांचे खडे फुगले की गिलावा सुटतो आणि विटेचा भुगा पडू लागतो.

ओल येण्याच्या पाच वाटा

१. जमिनीतून वर चढणारी ओल

कंदिलाची वात तेल वर ओढते, तशी वीट जमिनीतील पाणी वर ओढते. चांगली भाजलेली वीटसुद्धा २४ तास पाण्यात ठेवली तर वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत पाणी पिऊ शकते. तीन किलोच्या विटेत सहाशे ग्रॅमपर्यंत पाणी मावते, असा याचा अर्थ. जोते आणि भिंत यांच्यामध्ये पाणी अडवणारा थर, म्हणजे गवंडी ज्याला डीपीसी म्हणतात तो पट्टा, नसेल तर ही ओल साधारण तीन फुटांपर्यंत चढते.

पट्टा घातलेला असूनही ओल चढते, असेही अनेकदा दिसते. अशा वेळी पट्ट्याला वळसा मिळालेला असतो. बाहेर मातीचा किंवा शेणखताचा ढीग भिंतीला लागून पट्ट्याच्या वर गेलेला असतो, किंवा बाहेरचा गिलावा सलग जमिनीपर्यंत उतरवलेला असतो. पाणी पट्ट्यातून न जाता गिलाव्यातून वर चढते.

जुन्या घरांची जोती घडीव काळ्या दगडाची आणि उंच असत. हा दगड फारसे पाणी शोषत नाही. त्यामुळे वेगळा पट्टा न घालताही वरची भिंत कोरडी राही. विटांचे किंवा जांभ्याचे जोते हे काम करू शकत नाही.

२. पावसाची झड आणि जमिनीवरून उडणारे पाणी

आपल्याकडे नैर्ऋत्य मोसमी पाऊस वाऱ्याबरोबर येतो. म्हणून पश्चिम आणि दक्षिण बाजूच्या भिंती जास्त भिजतात. कोकणात जांभ्याच्या भिंतींना झड लागू नये म्हणून पावसाळ्याआधी त्या बाजूला झावळ्यांचे झाप बांधण्याची पद्धत होती, ती याच कारणाने. भिंत साडेचार इंची असेल, विटांचे सांधे पोकळ असतील किंवा बाहेरून गिलावाच नसेल, तर पाणी आरपार येते.

दुसरे पाणी पागोळ्यांचे. याचा हिशेब करून पाहावा. बारा बाय पंधरा फुटांच्या खोलीचे छप्पर वळचणीसह साधारण २२ चौरस मीटर भरते. एका दिवसात ५० मिलिमीटर पाऊस झाला तर त्या छपरावरून सुमारे १,१०० लिटर पाणी उतरते. छप्पर एकपाखी असेल तर हे सगळे पाणी एकाच भिंतीच्या पायाशी पडते. पन्हळ नसेल तर ते जमिनीवर आपटून भिंतीवर उडते आणि उरलेले पायात मुरते.

३. छप्पर, छज्जा आणि खिडकी

पत्र्याचे बोल्ट नाळीच्या खोलगट भागात मारलेले असतील, वॉशर नसतील किंवा पत्र्यांची जोड अपुरी असेल, तर पाणी आत येते. पत्रा आणि भिंत यांच्यामधील फट, छज्ज्याचा उलटा उतार, खिडकीच्या चौकटीभोवतीची भेग या इतर जागा. असे पाणी भिंतीवरून खाली ओघळते आणि खालीच साचते. त्यामुळे ते जमिनीतून आले असे वाटते.

४. हवेतील दमटपणा

थंडीच्या दिवसांत पहाटे पत्रा गार पडतो आणि आतील हवेतील बाष्प त्याला खालून थेंबांच्या रूपाने लागते. ते थेंब पोत्यांवर पडतात. छप्पर गळत नसताना वरची पोती ओली असतील तर हे कारण तपासावे. जूनमध्ये उलट घडते. बाहेरची हवा उबदार आणि दमट असते, कोबा मात्र गार असतो. दार उघडे राहिले की कोब्याला घाम फुटल्यासारखे पाणी दिसते.

पूर्ण न वाळलेला माल खोलीत भरला तर तोही हवेत पाणी सोडतो. अशा वेळी खोलीला दोष देऊन उपयोग नाही.

५. बांधकामातच राहिलेले पाणी

नवीन खोलीच्या बाबतीत ही वाट सर्वांत जास्त विसरली जाते. सिमेंटच्या ५० किलोच्या एका गोणीला साधारण २५ लिटर पाणी मिसळले, तर त्यातील निम्म्याहून कमी पाणी सिमेंटबरोबर कायमचे बांधले जाते. उरलेले हळूहळू बाहेर पडावे लागते. खोलीला ८० गोण्या लागल्या असतील तर मिसळलेले पाणीच २,००० लिटर झाले. त्यातील हजारभर लिटर पाणी भिंतीत आणि कोब्यात शिल्लक असते. भिजवलेल्या विटा आणि बांधकामावर मारलेले पाणी याखेरीज.

वाळायला लागणारा वेळ ढोबळमानाने जाडीच्या एका इंचाला एक महिना धरतात, तोही कोरड्या हवेत. नऊ इंची भिंत दोन्ही बाजूंनी वाळते असे धरले तरी चार ते पाच महिने लागतात. एप्रिल-मेमध्ये बांधलेली खोली पावसाळ्याआधी वाळत नाही. तिच्यातली पहिल्या वर्षीची ओल हा दोष असेलच असे नाही. मात्र पाणी मारणे कमी करून खोली लवकर वाळवण्याचा प्रयत्न करू नये. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि पीपीसीला किमान १० दिवस पाणी मारलेच पाहिजे. नाहीतर काँक्रीट कच्चे राहते आणि पुढे जास्त पाणी पिते.

ओल कोठून येते हे कसे ओळखावे?

आधी निरीक्षण करावे. खालील प्रश्नांची उत्तरे वहीत लिहून ठेवावीत.

• ओल भिंतीच्या तळापासून सलग पट्ट्याने चढली आहे, वर पांढरा लोणा दिसतो आणि पाऊस थांबल्यावरही ती तशीच राहते: जमिनीतून.
• ओल फक्त पश्चिम किंवा दक्षिण भिंतीवर, ठिपक्यांच्या रूपात आहे, पाऊस झाला की वाढते आणि उघडीप मिळाली की कमी होते: झडीतून.
• ओल वरून खाली ओघळ धरून किंवा खिडकीच्या कोपऱ्यापासून सुरू होते: छपरातून किंवा छज्ज्यातून.
• पाऊस नसतानाही पहाटे पत्र्याखाली किंवा फरशीवर थेंब दिसतात आणि दुपारी जातात: हवेतून.
• ओल सगळीकडे सारखी आहे, खोली वर्षाच्या आतली आहे आणि दर महिन्याला डाग फिका होत आहे: बांधकामातील पाणी.
• पावसाळा संपल्यावरही एकाच भिंतीशी ओल कायम आहे आणि त्या बाजूला भाजीचे वाफे, ठिबकची नळी, पाण्याची टाकी किंवा न्हाणीचे सांडपाणी आहे: सिंचनाचे किंवा गळतीचे पाणी.

यानंतर एक सोपी चाचणी करावी. दीड फूट लांब-रुंद जाड प्लॅस्टिकचा तुकडा कोब्यावर पसरून चारही कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद कराव्यात. दुसऱ्या दिवशी, किमान १६ तासांनी, तो पाहावा. प्लॅस्टिकच्या खालच्या बाजूला थेंब असतील किंवा खालचा कोबा काळपट झाला असेल तर पाणी कोब्यातून येत आहे. थेंब वरच्या बाजूला असतील तर ते हवेतील बाष्प आहे. हीच चाचणी भिंतीवरही करता येते. त्यासाठी भिंतीचा तो भाग आधी वरून पुसून कोरडा करावा.

या चाचणीला एक मर्यादा आहे. खालून आलेले पाणी जमिनीतले की नव्या कोब्यातले, हे ती सांगत नाही. म्हणून नवीन खोलीत ती महिन्याच्या अंतराने दोन-तीनदा करावी. थेंब कमी होत गेले तर कोबा वाळत आहे. पावसाबरोबर वाढले तर पाणी जमिनीतून येत आहे.

बांधून झालेल्या खोलीत उपाय: कमी खर्चाच्या कामापासून सुरुवात

पायरी १: भिंतीपासून पाणी दूर करावे

खोलीभोवतालची माती, शेणखत, विटांचे ढीग हटवावेत. बाहेरची जमीन आतल्या कोब्यापेक्षा किमान दीड फूट खाली असावी. तेवढे शक्य नसेल तरी डीपीसी पट्ट्याच्या खाली अर्धा फूट मोकळी भिंत दिसली पाहिजे. भिंतीभोवती अडीच ते तीन फूट रुंदीचा मुरमाचा किंवा काँक्रीटचा ओटा करून त्याला बाहेरच्या बाजूला उतार द्यावा. तीन फुटांना एक ते सव्वा इंच उतार पुरेसा होतो. त्यापलीकडे चर काढून पाणी शेताच्या उताराकडे सोडावे. वाफे आणि ठिबकच्या नळ्या भिंतीपासून किमान पाच-सहा फूट लांब न्याव्यात.

काळ्या जमिनीत हे काम जास्त काळजीने करावे. विदर्भ, मराठवाड्यातील भारी काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगा पडतात. त्यामुळे ओटा भिंतीपासून सुटतो आणि त्या फटीतून पहिल्या पावसाचे पाणी थेट पायात जाते. ओट्याखालची काळी माती फूटभर काढून तिथे मुरूम चोपून भरावा. ओटा आणि भिंत यांच्यातील सांधा सिमेंटने न भरता डांबराने भरावा आणि दर वर्षी मे महिन्यात तपासावा.

पायरी २: छपराचे पाणी धरावे

पन्हळ लावून पाणी पाइपने चरात किंवा टाकीत सोडावे. वळचण दोन ते अडीच फूट बाहेर असावी. कमी असेल तर झडीच्या बाजूला पत्रा वाढवून घ्यावा. बोल्टचे खराब वॉशर बदलावेत. खोलगट भागातील जुनी छिद्रे बंद करून बोल्ट नाळीच्या उंचवट्यावर घ्यावेत. छज्ज्याच्या खालच्या कडेला खाच नसेल तर पाणी छज्ज्याखालून भिंतीकडे सरकते, म्हणून ती करून घ्यावी.

पायरी ३: गिलाव्याचा वळसा तोडावा

बाहेरचा गिलावा जमिनीपर्यंत सलग असेल तर डीपीसी पट्ट्याच्या रेषेत त्याची दोन-तीन इंचांची पट्टी कापून काढावी. आतल्या बाजूला कोबा पट्ट्याच्या वर आलेला असेल तर तोही वळसा ठरतो. तिथे कोबा आणि भिंत यांच्यामध्ये बारीक खाच घेऊन ती डांबराने भरावी.

या तीन पायऱ्या केल्यावर एक पूर्ण पावसाळा आणि त्यानंतरचा हिवाळा थांबावे. भिंत वाळायला वेळ लागतो. या काळात गिलावा, रंग काहीही करू नये.

पायरी ४: कोब्याचा उपाय

चाचणीत पाणी कोब्याखालून येत असल्याचे निश्चित झाले तर कोब्यावर २५० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे बाजारात हजार गेजचा म्हणतात तो, प्लॅस्टिक कागद अंथरावा. जोडाला सहा इंच एकावर एक घ्यावेत आणि कडा भिंतीवर चार इंच वर वळवाव्यात. त्यावर दोन ते तीन इंचांचा नवा कोबा करावा. दाराची उंची कमी होते, हे आधी मोजून घ्यावे. एवढा खर्च करायचा नसेल तर प्लॅस्टिक अंथरून त्यावर लाकडी फळ्या ठेवाव्यात. साठवणीसाठी तेही चालते.

पायरी ५: डीपीसी पट्टाच नसेल तर

विटांच्या भिंतीत जमिनीलगतच्या सांध्यात १० ते १२ सेंटिमीटर अंतरावर छिद्रे पाडून त्यात पाणी दूर ठेवणारे सिलेन-सिलोक्सेन प्रकारचे रसायन भरता येते. रसायन भिंतीच्या पूर्ण जाडीत पसरले तरच उपयोग होतो. म्हणून हे काम अनुभवी माणसाकडूनच आणि कोरड्या दिवसांत करून घ्यावे. पहिल्या तीन पायऱ्या न करता हे काम करू नये. बाहेर पाणी साचत राहिले तर फायदा दिसत नाही.

पायरी ६: शेवटी गिलावा

ओल थांबल्यावर लोणा लागलेला गिलावा ओलीच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंत काढून टाकावा. त्यात क्षार असतात आणि क्षार हवेतून पाणी ओढत राहतात. भिंतीवरचा लोणा कोरड्या ब्रशने झाडावा, पाण्याने धुऊ नये. धुतल्यास क्षार विरघळून पुन्हा भिंतीत जातात. सांधे खरवडून, काही आठवडे मोकळे ठेवून मग नवा गिलावा करावा. त्यावर चुन्याचा किंवा भिंतीला वाळू देणारा साधा रंग द्यावा.

हे करू नये

• ओल्या भिंतीवर आतून ऑइलपेंट, टाइल्स किंवा वॉटरप्रूफ गिलावा लावू नये. पाण्याची बाहेर पडण्याची वाट बंद होते, म्हणून ते आणखी वर चढते. दोन फुटांवरची ओल पुढच्या वर्षी तीन फुटांवर दिसते, ती यामुळेच.
• वर्षाच्या आतल्या भिंतीवर पुट्टी किंवा पीओपी करू नये.
• खताच्या गोण्या भिंतीला टेकवून ठेवू नयेत. फाटलेल्या गोणीतील खत विटेत शिरले तर तेवढाच भाग कायम दमट दिसतो आणि ती जमिनीची ओल समजून खर्च होतो.
• वाळवण्यासाठी बंद खोलीत शेगडी पेटवू नये. जळणातून बाष्पही निघते आणि विषारी वायूही.
• पाऊस चालू असताना हवा खेळती राहावी म्हणून खिडक्या उघड्या ठेवू नयेत. बाहेरची हवा आतल्यापेक्षा दमट असते.

नवीन खोली बांधणार असाल तर

बांधतानाच काळजी घेतली तर या सगळ्या पायऱ्यांची गरज पडत नाही. गवंड्याशी बोलताना पुढील मुद्दे आधीच ठरवून घ्यावेत.

१. जागा: शेतातील उंच भाग निवडावा. पाट, शेततळे आणि झाडांची मोठी मुळे यांपासून अंतर ठेवावे.

२. जोते: आजूबाजूच्या जमिनीपेक्षा किमान दीड फूट, पाणी साचणाऱ्या भागात दोन ते अडीच फूट. उंची पायाजवळच्या खणलेल्या मातीवरून न मोजता पावसाळ्यात पाणी जिथपर्यंत येते त्या खुणेवरून मोजावी.

३. भराव: जोत्यात पायाची खणलेली काळी माती परत भरू नये. ती पाणी धरते आणि फुगून कोबा उचलते. मुरूम सहा-सहा इंचांच्या थरात पाणी मारून चोपून भरावा.

४. कोब्याचे थर: चोपलेला मुरूम, त्यावर दगडाचे सोलिंग, त्यावर पातळ काँक्रीटचा सपाट थर, मग २५० मायक्रॉनचा प्लॅस्टिक कागद आणि वर तीन ते चार इंच जाडीचे १:२:४ प्रमाणाचे काँक्रीट. कागद थेट सोलिंगवर अंथरल्यास दगडांच्या टोकांनी फाटतो.

५. डीपीसी पट्टा: जोत्याच्या माथ्यावर भिंतीच्या पूर्ण रुंदीत, दीड इंच जाडीचा, १:२:४ काँक्रीटचा. त्यात आयएस २६४५ चिन्ह असलेली वॉटरप्रूफिंग पावडर किंवा द्रव पाकिटावर दिलेल्या प्रमाणात मिसळावे. पट्टा वाळल्यावर वरून गरम डांबराचा लेप द्यावा. कोब्याखालचा प्लॅस्टिक कागद या पट्ट्यापर्यंत आणून जोडावा. अनेक खोल्यांत पट्टाही असतो आणि कागदही, पण दोन्ही जोडलेले नसतात. पाणी मधल्या फटीतून वर येते.

६. भिंत: किमान नऊ इंच, सांधे मसाल्याने पूर्ण भरलेले, बाहेरून गिलावा. बाहेरचा गिलावा पट्ट्याच्या वर थांबवावा. जोत्याचा गिलावा वेगळा करावा.

७. वेळ: बांधकाम दिवाळीनंतर सुरू करून जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत संपवावे. म्हणजे वाळायला पूर्ण उन्हाळा मिळतो. ठेकेदाराशी बोलताना हा मुद्दा मागे पडतो, पण याला वेगळा खर्च नाही.

पट्टा आणि प्लॅस्टिक कागद पुढच्या कामाखाली झाकले जातात. म्हणून ते घालण्याच्या दिवशी स्वतः हजर राहावे आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत. एखाद्या योजनेतून अनुदान घ्यायचे असेल तर त्या योजनेचे मंजूर आराखडे आणि अटी कृषी विभागाकडून बांधकामाआधीच समजून घ्याव्यात.

खोली पूर्ण कोरडी होईपर्यंत माल कसा ठेवावा?

पोती फरशीवर ठेवू नयेत. प्लॅस्टिकवर लाकडी फळ्या किंवा पॅलेट ठेवून सहा इंच उंचीवर थप्पी लावावी. थप्पी आणि भिंत यांच्यात दीड ते दोन फूट अंतर सोडावे. माणूस आत जाऊन हात लावून पाहू शकेल एवढी ती जागा हवी. सोयाबीनच्या बियाण्याची चार-पाच पोत्यांपेक्षा उंच थप्पी लावू नये. खालच्या बियांवर भार येऊन आवरण फुटते.

खत आणि बियाणे शेजारी ठेवू नये. कीटकनाशके व तणनाशके तर धान्याच्या खोलीत ठेवूच नयेत. सुकलेल्या बियाण्याची थोडी मात्रा असेल तर ती हवाबंद डब्यात ठेवावी; मात्र त्यासाठी बी साध्या पोत्यातल्यापेक्षा जास्त वाळलेले लागते. सोयाबीनसाठी ही मर्यादा ७ टक्के आहे. ओलसर बी हवाबंद केले तर लवकर खराब होते.

कांदाचाळीशी तुलना करून गोंधळ होऊ नये. कांद्याला खालून आणि बाजूने सतत वारा लागतो, म्हणून चाळीचा तळ जमिनीपासून उंच आणि फटींचा ठेवतात. बियाणे आणि धान्याला उलट हवे असते: बंद, कोरडी खोली आणि ऊन पडल्यावर तेवढ्यापुरती उघडलेली खिडकी. एकाच खोलीत दोन्ही ठेवू नये.

पेरणीआधी घरच्या बियाण्यातील शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण पाहावी. ज्या खोलीत ओल दिसली आहे तिथे नमुना एकाच पोत्यातून न घेता खालच्या, मधल्या आणि वरच्या थरातील पोत्यांतून वेगवेगळा घ्यावा. खालच्या थराची उगवण ७० दाण्यांपेक्षा कमी आणि वरच्याची चांगली असेल, तर सगळे बियाणे टाकून न देता फक्त खालची पोती वेगळी काढावीत.

वर्षभराचे वेळापत्रक

• मे: पन्हळ, बोल्टचे वॉशर, ओट्याचा सांधा तपासावा. चर उपसावा. भिंतीलगतची माती काढावी.
• जून: पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन खोलीला एक फेरी मारावी. पाणी कोठे पडते, कोठे साचते हे अर्ध्या तासात दिसते. ते इतर वेळी कळत नाही.
• जुलै ते सप्टेंबर: आठवड्यातून एकदा खालच्या पोत्याला हात लावून पाहावा. ऊन पडलेल्या दुपारी खिडक्या उघडाव्यात, संध्याकाळी बंद कराव्यात. ओलीच्या रेषेवर पेन्सिलने खूण करून तारीख लिहावी.
• ऑक्टोबर: नवा माल भरण्याआधी खोली रिकामी करून दोन-तीन दिवस उघडी ठेवावी. प्लॅस्टिकची चाचणी करावी.
• डिसेंबर-जानेवारी: पहाटे पत्र्याखाली थेंब दिसतात का ते पाहावे. दिसल्यास पत्र्याखाली छत करून घ्यावे आणि वरच्या पोत्यांवर बारदान टाकावे. प्लॅस्टिक टाकू नये, त्याखाली बाष्प कोंडते.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी एक सूचना. ओलीची तक्रार आली तर आधी खोलीच्या आत जाऊ नये. बाहेरून फेरी मारावी: जमिनीची पातळी, ढीग, पागोळ्या, वाफे, गिलाव्याची खालची कड. मग आत जाऊन पेन्सिलच्या खुणा आणि प्लॅस्टिकची चाचणी पाहावी. बरेचदा उत्तर बाहेरच मिळते. भिंतीपासून काढलेली दोन ट्रॉल्या माती पुढच्या खरिपाचे बियाणे वाचवते, हे शेतकऱ्याला जागेवरच दाखवता येते.